विंचू उतरला, पण कशाने?

मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांत विंचू उतरवणारा एखादा जाणता माणूस असतो. कुणी मंत्र टाकतो, कुणी मुळी उगाळून लावतो, कुणी अंगारा देतो. त्याच्याकडे गेलेली माणसे बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी चालती-फिरती होतात. म्हणून गावाचा त्याच्यावर विश्वास बसतो. या विश्वासाला हसण्याचे कारण नाही, कारण माणसे बरी झालेली असतात हे खरेच असते. प्रश्न एवढाच, की ती मंत्रामुळे बरी झाली, की मंत्र टाकला नसता तरी बरी झाली असती?

हा प्रश्न फक्त मांत्रिकाला विचारायचा नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या गोळीला, इंजेक्शनला आणि सलाइनलाही तोच विचारायचा आहे. एखादा उपचार खरोखर लागू पडतो की नाही, हे आधुनिक वैद्यक कसे ठरवते, याबद्दल वाचक अनेकदा विचारतात. ते समजून घ्यायला विंचवाइतके चांगले उदाहरण आपल्या भागात दुसरे नाही. या विंचवावरचे जगभर वाचले गेलेले संशोधनही आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका डॉक्टरांनी केले आहे.

दोन विंचू, दोन गोष्टी

आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकारचे विंचू लोकांच्या ओळखीचे आहेत. एक मोठा, काळा, जाड नांग्यांचा. त्याला आपण इंगळी म्हणतो. दिसायला तो भीतिदायक असतो, चावला की आग होते, पण जीव सहसा जात नाही. दुसरा त्यामानाने लहान, तांबूस रंगाचा, बारीक नांग्यांचा. हा लाल विंचू खरा धोक्याचा. दगडांच्या भिंतीत, पऱ्हाट्यांच्या ढिगात, सोयाबीनच्या सुडीखाली, अंगणात काढून ठेवलेल्या चपलेत तो दडून बसतो.

पण लाल विंचू चावलेल्या प्रत्येकाच्या अंगात सारखेच विष जात नाही. कुणाच्या अंगात अगदी थोडे जाते. अशा माणसाला रात्रभर ठणका लागतो आणि सकाळपर्यंत तो उतरतो. थोडक्यात, विंचू चावलेली बहुसंख्य माणसे काहीही केले नाही तरी बरी होणार असतात.

इथेच फसगत होते. जे दुखणे बहुतेकांत आपोआप बरे होते, त्यावर काहीही दिले तरी ते औषध ठरते. मंत्र टाकला तर मंत्र, कांदा चोळला तर कांदा, इंजेक्शन दिले तर इंजेक्शन. ज्याला गुण आला तो चार जणांना सांगतो. ज्याला आला नाही त्याच्याबद्दल ‘उशीर झाला होता’ किंवा ‘त्याची वेळच भरली होती’ असे म्हटले जाते. यशाची नोंद राहते, अपयशाची राहत नाही. सर्दी, पाठदुखी, कावीळ, अंगावरचे चट्टे अशा कितीतरी आजारांत हेच घडते.

डॉक्टरही या फसगतीतून सुटलेले नव्हते. एके काळी विंचूदंशाच्या गंभीर रुग्णाला अ‍ॅट्रोपिन, स्टिरॉइड, अ‍ॅलर्जीविरोधी औषधे आणि गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण असे बरेच काही दिले जात असे. प्रत्येकामागे कागदावर पटेल असे काहीतरी कारण होते. तरीही ज्यांच्या फुप्फुसात पाणी भरायचे, ते रुग्ण दगावतच होते.

देहेड ते महाड

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ चा, भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन १९७० च्या दशकात ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा सुळसुळाट. शेतकऱ्यांची, मजुरांची धडधाकट मुले दंशानंतर काही तासांत घामाघूम होत, हातपाय गार पडत, तोंडाला गुलाबी फेस येई आणि ती जात.

बावस्करांनी पहिल्यांदा काय केले? नवे औषध शोधायला ते धावले नाहीत. त्यांनी रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवल्या. कोणते लक्षण आधी येते, कोणते नंतर, नाडी किती, बीपी किती, कोण वाचतो, कोण वाचत नाही. विंचूदंशात हृदयाला धोका असल्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे कोणती, यावरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

या नोंदींतून आजाराचे चित्र स्पष्ट होत गेले. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना चेतवते. सुरुवातीला उलटी, घाम आणि लाळ सुटते. पाठोपाठ शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय बर्फासारखे गार पडतात. बीपी वाढते, आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी साचते. म्हणजे आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध उपयोगी पडायला हवे. प्राझोसिन हे त्या काळी रक्तदाबासाठी वापरले जाणारे, स्वस्त, गोळीच्या रूपातले औषध नेमके तेच काम करते. पुण्यात एमडी करून महाडकडे परतलेल्या बावस्करांनी ते विंचूदंशात वापरले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह केलेले हे काम १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

‘आधी’ आणि ‘नंतर’

प्राझोसिनपूर्वीच्या काळात गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी साधारण २५ ते ३० टक्के दगावत. प्राझोसिन आल्यानंतर हे प्रमाण दोन-चार टक्क्यांवर आले. आकडा बोलका आहे. पण पुरावा तपासणाऱ्याने इथेही थांबून एक शंका काढायला हवी.

‘आधी’चा आणि ‘नंतर’चा काळ एकसारखा नसतो. मधल्या वर्षांत रस्ते झाले, जीप आल्या, रुग्ण लवकर पोहोचू लागले. दवाखान्यात गुण येतो हे कळल्यावर सौम्य दंशाचे लोकही येऊ लागले. सौम्य रुग्ण वाढले की मृत्यूचे शेकडा प्रमाण आपोआप कमी दिसते, मग औषध काहीही असो. म्हणून ‘पूर्वी इतके जायचे, आता इतके जातात’ हा पुरावा उपयोगाचा असला तरी एकटा पुरेसा नसतो.

तरीही प्राझोसिनवर डॉक्टरांचा विश्वास बसला. त्याला कारणे होती. फरक फार मोठा होता. रस्ते आणि जीप यांच्याने एवढा फरक पडणे कठीण. औषध कसे काम करते याचा धागा आजाराच्या कारणाशी थेट जुळत होता. आणि हे औषध वापरणाऱ्या इतर राज्यांतल्या डॉक्टरांनाही तसाच अनुभव आला. एक गट मुद्दाम विनाऔषध ठेवून तुलना करणे तेव्हा माणुसकीला धरून झाले नसते. प्रत्येक औषधाला एकाच साच्यातला पुरावा मागता येत नाही. मात्र फरक जितका लहान, तितकी तुलना काटेकोर हवी, हा नियम लक्षात ठेवावा.

चिठ्ठी टाकून केलेली तुलना

पुढे मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार झालेले लाल विंचवाचे प्रतिविष मिळू लागले. आता प्रश्न बारीक झाला. प्राझोसिनने रुग्ण वाचतातच, तर त्यासोबत प्रतिविष दिल्याने आणखी काही फायदा आहे का? हा फरक नुसत्या अनुभवावरून कळणारा नव्हता.

डॉक्टरने आपल्या मनाने काहींना प्रतिविष दिले आणि काहींना नाही दिले, तर काय होते? जास्त आजारी दिसणाऱ्याला तो दोन्ही देतो. मग प्रतिविष मिळालेले रुग्णच वाईट अवस्थेतले निघतात आणि औषध बिनकामाचे वाटते. किंवा परवडणाऱ्या, लवकर आलेल्या रुग्णाला ते मिळते आणि औषध आहे त्यापेक्षा गुणकारी वाटते. यावरचा उपाय साधा आहे. कुणाला काय द्यायचे हे डॉक्टरने ठरवायचेच नाही, ते चिठ्ठीने ठरवायचे. मग वय, विषाचे प्रमाण, पोहोचायला झालेला उशीर या सगळ्या गोष्टी दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात आणि उरतो तो फक्त औषधाचा फरक.

महाडच्या दवाखान्यात बावस्करांनी हेच केले. विषाची लक्षणे सर्व अंगात दिसत आहेत, पण हृदय-फुप्फुसे अजून सापडलेली नाहीत, असे ७० रुग्ण घेतले. ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष, ३५ जणांना नुसते प्राझोसिन. दहा तासांत लक्षणे पूर्ण गेली का, हे पाहायचे आधीच ठरले होते. प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत मोकळे झाले. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. पहिल्या गटाला प्राझोसिनचे डोसही कमी लागले. हा अभ्यास २०११ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत मुलांवर अशीच चाचणी झाली, तिचा निष्कर्षही २०१४ मध्ये त्याच दिशेने आला.

या अभ्यासाच्या मर्यादाही बघायला हव्यात. तो एकाच दवाखान्यातला होता. कुणाला काय दिले हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होते. त्यामुळे ‘आता बरा दिसतो’ असे ठरवताना मनाचा कल थोडा आड येऊ शकतो. आणि त्यात मोजला गेला तो बरे होण्याचा वेग. प्रतिविषाने जास्त जीव वाचतात का, हे ७० रुग्णांवरून कळत नाही, कारण प्राझोसिनमुळे मृत्यू मुळातच कमी झालेले आहेत. म्हणून या अभ्यासाचा अर्थ असा: दोन्ही मिळाले तर रुग्ण लवकर सावरतो, घरी लवकर जातो. पण प्रतिविष नाही म्हणून लहान गावातल्या डॉक्टरने हातपाय गाळायचे नाहीत. प्राझोसिन लगेच सुरू करायचे.

ट्युनिशियात फसले, अमेरिकेत चालले

आता एक कोडे. उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियात विंचूदंश हा मोठा प्रश्न आहे. तिथे ८२५ रुग्णांवर प्रतिविषाची चाचणी झाली. निम्म्यांना प्रतिविष, निम्म्यांना दिसायला तसेच पण औषध नसलेले इंजेक्शन. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला, तो असा की काहीही फायदा नाही. उलट अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात २००९ मध्ये फक्त १५ मुलांवर झालेल्या चाचणीत, प्रतिविष मिळालेली आठच्या आठ मुले चार तासांत सावरली. न मिळालेल्या सात मुलांपैकी एकच सावरले.

८२५ रुग्णांचा अभ्यास मोठा, म्हणून तो खरा आणि १५ मुलांचा खोटा, असे म्हणायचे का? तसे नाही. ट्युनिशियात दंश सौम्य असो वा गंभीर, सर्वांना प्रतिविष दिले गेले. ज्यांना मुळात फारसे काही होणार नव्हते, त्यांच्यात औषधाने फरक दिसणार कुठून? अ‍ॅरिझोनात घेतलेली मुले आयसीयूत दाखल करावी लागतील इतकी अत्यवस्थ होती. विंचूही वेगळा, प्रतिविषही वेगळे. म्हणजे ट्युनिशियाचा अभ्यास सांगतो की विंचू चावला म्हणून सरसकट प्रतिविष टोचू नका. महाडचा आणि अ‍ॅरिझोनाचा सांगतो की योग्य रुग्णाला योग्य प्रतिविष द्या. दोन्ही निष्कर्ष एका वेळी खरे असू शकतात. ‘हे औषध चालते का?’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘कुणाला, कधी आणि कशाच्या तुलनेत?’ असे विचारले की उत्तर मिळते.

प्लाझ्मासाठीची धावपळ

विंचवापासून थोडे दूर जाऊन करोनाचा काळ आठवा. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा मिळवण्यासाठी नातेवाईक रात्री-अपरात्री फोन करत फिरत होते. कल्पना पटणारी होती आणि प्लाझ्मा घेतलेले कितीतरी लोक बरे होऊन घरी येतही होते. पण करोनाचे बहुसंख्य रुग्ण तसेही बरे होत होते. इथेही विंचवाचीच गोष्ट.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चिठ्ठीने गट पाडून चाचणी केली. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ पैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा त्यांचा मृत्यू झाला. न मिळालेल्या २२९ पैकी ४१ जणांचे तसे झाले. म्हणजे १९ आणि १८ टक्के, फरक नाहीच. गंमत अशी, की सातव्या दिवशी धाप आणि थकवा कमी होण्यात प्लाझ्माचा गट थोडा पुढे होता आणि त्यांच्यातला विषाणूही लवकर गेला होता. एवढेच मोजले असते तर प्लाझ्मा यशस्वी ठरला असता. पण घरच्यांना हवा असतो तो माणूस. रिपोर्ट सुधारला आणि माणूस वाचला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा करोनाच्या राष्ट्रीय उपचार सूचनांतून वगळला गेला.

तुम्ही काय विचाराल?

मोबाइलवर रोज एखादे नवे औषध, काढा, यंत्र येऊन पडते. सोबत ‘संशोधनाने सिद्ध’ असा शिक्का असतो. तेव्हा वाचकांनी पुढचे प्रश्न विचारावेत.

एक, हा आजार औषधाविना किती जणांत बरा होतो? दोन, तुलना कुणाशी केली? तुलनेचा गटच नसेल तर तो अनुभव झाला, पुरावा नाही. तीन, कुणाला काय द्यायचे हे कुणी ठरवले, चिठ्ठीने की औषध देणाऱ्याने? चार, काय मोजले? माणूस वाचला, चालता झाला, की फक्त रिपोर्टमधला आकडा सुधारला? पाच, अभ्यासातले रुग्ण माझ्या घरातल्या रुग्णासारखे होते का? सहा, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या डॉक्टरांनाही तेच आढळले का? आणि सात, ज्याने अभ्यास केला त्याचा त्या औषधाच्या विक्रीत वाटा आहे का?

हे प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. ‘डॉक्टर, हे औषध नाही घेतले तर काय होईल?’ एवढा एक साधा प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडा होतो. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. काही वेळा उत्तर ‘काही होणार नाही, दोन दिवसांत आपोआप बरे वाटेल’ असेही येईल आणि पैसे वाचतील. विंचूदंशात मात्र उत्तर वेगळे येऊ शकते, म्हणून खाली लिहिलेले घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

विंचू चावल्यावर नुसता ठणका असेल तर ते बहुधा चांगले लक्षण आहे. पण भरपूर घाम, उलट्या, लाळ, हातपाय गार पडणे, धडधड, लहान मुलाची बेचैनी यांपैकी काहीही दिसले तर ते विष अंगात भिनल्याचे लक्षण समजा आणि क्षणही दवडू नका. लहान मुलाला विंचू चावला असेल तर लक्षणांची वाट न पाहता निघा. जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. १०८ वर फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र वा ग्रामीण रुग्णालय गाठा. प्राझोसिनची गोळी घरी आणून स्वतःच्या मनाने देऊ नका. तिने बीपी एकदम उतरू शकते, म्हणून रुग्णाला आडवे ठेवून, बीपी पाहत, काही तासांनी पुन्हा डोस द्यावा लागतो.

मंत्र टाकणाऱ्याशी भांडत बसण्याची गरज नाही. त्याला एवढेच सांगा, की मंत्र टाकायचाच असेल तर गाडीत बसून टाक, गाडी दवाखान्याकडे चालली आहे. गावात ज्याचा शब्द चालतो, त्यानेच ‘आधी दवाखाना’ म्हटले तर सरकारी पाटीपेक्षा ते जास्त लोक ऐकतात. घामाने भिजलेले, हातपाय गार पडलेले पोर वाचवण्यासाठी जे तास हातात असतात, ते उंबऱ्यात बसून घालवायचे नसतात.